‘चुंबकत्व’ : स्वभाव की अवस्था?

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चिकित्सा करावयाची म्हणजे पारिभाषिक शब्दांची यादी समोर घ्यावयाची आणि कोणता शब्द सुबोध, कोणता दुर्बोध याचा निवाडा करावयाचा, अशी रूढी पडून गेली आहे. या निवाड्यात शब्द उच्चारास सुलभ आहे की नाही, तो संस्कृत आहे की देशी, एवढेच बहुधा पाहिले जाते. तो शब्द ज्या वाक्यात बसावयाचा ते वाक्य त्याच्यामुळे खरे होते की खोटे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः परिभाषेची खरी कसोटी तीच होय. ‘चुंबकत्व’ ही संज्ञा या कसोटीवर घासून पाहण्यास आज विशेष कारण आहे. उष्णतेने किंवा प्रकाशाने ज्यांचे चुंबकीय वर्तन पालटते असे रेणवीय पदार्थ रसायनशाळेत सिद्ध होऊन बराच काळ लोटला. त्यांच्याविषयी मराठीत लिहू जाणाऱ्यास ही संज्ञा पदोपदी अडविते. आणि अडचण दूरदेशीच्या प्रयोगशाळांतील नव्या पदार्थांपुरतीच आहे असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा काळा पाषाण हा काही रेणवीय पदार्थ नव्हे. तथापि उष्णता आणि चुंबकत्व यांचा संबंध त्याच्याइतका स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण मराठी मुलखात सापडणे कठीण, आणि तोही पाषाण या संज्ञेत नीटसा मावत नाही.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू जाता तो मोठा मनोरंजक आहे. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत–इंग्रजी कोशात ‘चुंबक’ शब्दाचे अर्थ दिले आहेत ते असे : चुंबन घेणारा, लंपट, ठक, अनेक विषयांना नुसता ओठ लावून जाणारा वरवरचा पंडित, आणि लोह ओढणारा पाषाण. (परिभाषेवर लिहिणाऱ्याने यांपैकी चौथा अर्थ सतत ध्यानात ठेवलेला बरा.) ‘अयस्कांत’ हा दुसरा जुना शब्द; लोहाचा जो कांत, म्हणजे लोहाला प्रिय असा. दोन्ही शब्दांच्या मुळाशी चित्र एकच आहे : दोन वस्तू आहेत, त्यांतील एकीला दुसरीची ओढ आहे. रसग्रंथांत मात्र याहून बारीक विवेक केलेला आढळतो. तेथे कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच भेद सांगितले आहेत. म्हणजे ‘चुंबक’ हे मुळात जातीचे नाव नव्हतेच, पाच पोटजातींपैकी एकीचे होते. लोहाला नुसते फिरविणारा तो भ्रामक, चिकटणारा तो चुंबक, दुरून ओढणारा तो कर्षक. पुढे पोटजातीचे नाव सबंध जातीला मिळाले. भाषेत अशी उदाहरणे थोडी नाहीत.

मराठीपुरते पाहावयाचे तर जुना मान ‘भ्रामक’ शब्दाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चेतना म्हणजे काय हे समजावून देताना भ्रामकाच्या सान्निध्याने लोह सचेतन झाल्यासारखे हालते हा दृष्टांत आला आहे, आणि त्याला जोडूनच सूर्याच्या संगाने लोक व्यापाराला लागतात हा दुसरा. लोहचुंबक आणि प्रकाश ही दोन कारणे एका ओवीत शेजारी बसविली आहेत, आणि दोहोंतही जे घडते ते सान्निध्याने घडते, लोहाच्या किंवा लोकांच्या स्वभावाने नव्हे. कवीला पदार्थविज्ञान सांगावयाचे नव्हते हे उघड आहे; परंतु वाक्याची बांधणी नैमित्तिक आहे, एवढे येथे टिपून ठेवावयाचे. ‘भ्रामक’ शब्द आज परत आणता येणार नाही. आजच्या मराठीत भ्रामक म्हणजे फसवे. ‘भ्रामक पदार्थ’ असे शीर्षक वाचून वाचक भलताच लेख हाती घेईल.

ओढीचे चित्र शब्दात कायम राहिल्याचे परिणाम विचित्र झाले आहेत. मायकेल फॅरडे याने १८४५ मध्ये दाखवून दिले की बिस्मथासारखे पदार्थ चुंबकाकडून किंचित दूर ढकलले जातात. अशा पदार्थांस ‘प्रतिचुंबकीय’ म्हणावयाचे, व जे क्षेत्रात किंचित ओढले जातात त्यांस ‘अनुचुंबकीय’ किंवा ‘समचुंबकीय’. चुंबन घेणारा आणि दूर लोटणारा या दोघांना एकाच धातूवरून नावे मिळाली. हा दोष क्षम्य आहे. शब्द झिजला म्हणजे त्यातील चित्र पुसट होते, आणि ‘चुंबकीय’ म्हणताना आज कोणास चुंबन आठवत नाही. खरी अडचण धातूत नाही, प्रत्ययात आहे असे प्रथमदर्शनी वाटते.

‘त्व’ आणि ‘ता’ हे भाववाचक प्रत्यय. भाव म्हणजे ज्याच्या योगाने त्या वस्तूला तो शब्द लागू पडतो ते निमित्त, असा वैयाकरणांनी केलेला अर्थ आहे. ‘चुंबकत्व’ म्हणजे चुंबकाला ज्यामुळे चुंबक म्हणावयाचे ते. गोत्व गाईत जसे असते तसे चुंबकत्व चुंबकात असते, असा अर्थ मराठी वाचक या शब्दातून सहज काढतो, आणि ‘या दगडात चुंबकत्व आहे’ हे वाक्य त्याला ‘या दगडात लोखंड आहे’ या वाक्याच्या जातीचे वाटते. लोखंड दगडात असते किंवा नसते. ते सकाळी असून दुपारी नाहीसे होत नाही. चुंबकत्व मात्र तसे होऊ शकते. पिएर क्यूरी याच्या १८९५ च्या प्रबंधापासून पदार्थवैज्ञानिकांना हे नियमबद्ध रीतीने ठाऊक आहे. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला आणि मॅग्नेटाइट हे खनिज सुमारे ५८० अंशांना आपले लोहचुंबकीय वर्तन टाकते. लोखंड तेच राहते, वर्तन जाते.

येथेच लोणारचे उदाहरण उपयोगी पडते. लोणार हे नावच भाषाभ्यासकाला परिचित अशा वर्णविकाराने झालेले आहे. लवणाचे लोण झाले, आणि खाऱ्या सरोवराच्या काठचे गाव त्या नावाने ओळखले गेले. पुराणकथा लवणासुराला आणते व दैत्यसूदनाच्या देवळाशी जोडते. भूविज्ञान उल्कापाताला आणते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे असे दीर्घकाळ मानले जाई. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व त्यांचे सहकारी यांनी तेथील काचेच्या व धक्का बसलेल्या खनिजांच्या पुराव्यावरून ते बेसाल्ट खडकातील आघातविवर असल्याचे प्रतिपादन केले, आणि ते आता सर्वमान्य आहे. गावाजवळच अंबर नावाचे लहान तळे व मोठ्या मारुतीचे देऊळ आहे. मारुतीची मूर्ती ज्या पाषाणाची आहे तो अतिशय चुंबकीय आहे अशी समजूत प्रचलित असून लोणारविषयीच्या लोकप्रिय लेखनात ती वारंवार उद्‌धृत होते. श्रद्धेचा प्रश्न येथे नाही. मूर्तीचे माहात्म्य पाषाणाच्या गुणांवर अवलंबून नसते. प्रश्न वाक्याचा आहे. ‘येथील दगडात चुंबकत्व आहे’ हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. कारण दख्खनच्या बेसाल्टात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटाचे कण सर्वत्र आहेत, आणि बुलढाण्याच्या घाटातला कोणताही काळा दगड या अर्थाने चुंबकीयच म्हणावा लागेल.

लोणारच्या दगडाविषयी जाणून घेण्याजोगी गोष्ट ही की त्याला हे वर्तन केव्हा, कसे आणि किती वेळा मिळाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवू लागला. तप्त असताना त्यातील मॅग्नेटाइटाचे कण कोणतीच दिशा धरीत नव्हते; निवताना एका मर्यादेखाली येताच प्रत्येक कणाने त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती तेथेच गोठली. म्हणून या खडकांत तेव्हाच्या क्षेत्राची नोंद सापडते. दख्खनच्या खडकांतील नोंद वाचण्याच्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खन ट्रॅपच्या पुराचुंबकत्वावरील निबंध १९५९ चा, आणि पुढे लिखिते व राधाकृष्णमूर्ती यांनी खडकांची चुंबकीय वक्रे दाखविणारे उपकरणही सिद्ध केले. बऱ्याच थरांत दिशा आजच्या क्षेत्राच्या उलट आढळली, आणि तिच्या कलावरून त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर असावा असे ठरले. एवढे सर्व ‘चुंबकत्व आहे’ या दोन शब्दांच्या पोटात लपलेले असते.

यावर उल्का येऊन आदळली. ती केव्हा, याविषयी दोन उत्तरे आहेत : एक सुमारे ५२,००० वर्षे, दुसरे सुमारे ५,७०,००० वर्षे. पहिले उत्तर ज्या पद्धतीने मिळाले ती प्रस्तुत विषयाला जवळची आहे. आघातात तयार झालेली काच प्रयोगशाळेत तापविली असता तिच्यात साठून राहिलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षीण प्रकाश बाहेर पडतो. त्या प्रकाशाच्या मापावरून काळ काढावयाचा. दुसरे उत्तर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून निघाले व ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आघाताने खडकाच्या चुंबकीय नोंदीवर काय परिणाम झाला, हाही वादाचाच विषय राहिला. सिसोव्स्की व फुलर यांनी १९७८ मध्ये, राव व भल्ला यांनी १९८४ मध्ये, आणि लौझाडा व सहकारी यांनी २००८ मध्ये हेच खडक तपासले, पण नोंदीतील कोणता अंश आघाताचा आणि कोणता त्यानंतरच्या पृथ्वीक्षेत्राने हळूहळू चढविलेला, याविषयी अर्थ एकसारखा लागलेला नाही. पद्धत मात्र समान आहे. नमुना क्षेत्ररहित जागेत थोडा तापवावयाचा, निवू द्यावयाचा, उरलेली दिशा मोजावयाची; पुन्हा थोडा अधिक तापवावयाचा. अलीकडे चढलेली, दुबळी नोंद आधी पुसली जाते. सर्वांत जुनी नोंद सर्वांत शेवटी. उष्णतेने दिलेली नोंद उष्णतेनेच, थरामागून थर काढीत, वाचावयाची असते. अशा दगडाविषयी ‘चुंबकत्व आहे’ असे एकवचनी वाक्य लिहिणे म्हणजे अनेक हातांनी लिहिलेल्या बखरीला ‘येथे शाई आहे’ असे म्हणण्यासारखे होय.

लोणारचा दगड खनिज आहे. त्यात असंख्य अणूंची एकमेकांशी जुळणी होऊनच चुंबकीय वर्तन उपजते, आणि उष्णता ही जुळणी मोडते. रेणवीय पदार्थांत याहून एक पायरी खोल जावे लागते. तेथे पालट एका रेणूच्या आत घडू शकतो. लोहाचा द्विसंयुजी आयन घ्यावा. त्याच्या बाहेरच्या घरात सहा इलेक्ट्रॉन असतात. भोवताली नायट्रोजनयुक्त गटांचा वेढा घट्ट असेल तर हे सहा इलेक्ट्रॉन तीन जोड्या करून राहतात, एकमेकांचा चुंबकीय प्रभाव फेडतात, आणि रेणू प्रतिचुंबकीय ठरतो. वेढा सैल असेल तर एकच जोडी राहते, चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात, आणि रेणू अनुचुंबकीय ठरतो. काही संयुगांत वेढा नेमका मध्यम असतो. तो रेणू थंडीत जोड्या करतो आणि तापला असता त्या मोडतो, कारण सैल अवस्थेत त्याला कंपनाला व मांडणीला अधिक वाव मिळतो. लोह व नायट्रोजन यांमधील अंतर या पालटात सुमारे एक दशांशाने वाढते. लोहाच्या काही संयुगांत असे काही घडत असल्याचे इटलीतील कांबी याने १९३१ पासूनच्या कामात दाखविले. चुंबकरसायन हा विषय भारतीय शास्त्रज्ञांनाही तेव्हा अपरिचित नव्हता. भटनागर व माथुर यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९३५ चा आहे.

या घटनेला मराठीत काय म्हणावे? इलेक्ट्रॉनाच्या ज्या गुणामुळे हे घडते त्यास ‘परिवलन’, ‘फिरकी’ किंवा नुसते ‘स्पिन’ म्हटलेले आढळते. परिवलन हा शब्द भूगोलाने पृथ्वीच्या दैनिक गतीसाठी आधीच घेतला आहे. तोच येथे वापरला की विद्यार्थ्याच्या मनात इलेक्ट्रॉन नावाचा चेंडू गरगरू लागतो आणि ते चित्र पुढे पुसता पुसत नाही. फिरकी हा शब्द चटपटीत आहे, परंतु मराठीत फिरकी घेणे म्हणजे दुसरेच काही. येथे परका शब्दच अधिक प्रामाणिक ठरतो, कारण त्याच्याबरोबर कोणतेही चित्र येत नाही. मात्र पालटणे ही क्रिया मराठीची आहे व ती मराठीनेच सांगावी. ‘स्पिन-पालट’ हा जोडशब्द संकरज म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

आता प्रकाश. माइन्झ येथे डेक्यूर्टिन्स, ग्यूटलिख व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये असे दाखविले की लोहाच्या एका घनरूप संयुगावर, ते अतिशय थंड ठेवून, हिरवा प्रकाश टाकला असता जोड्या करून बसलेले रेणू सैल अवस्थेत जातात, आणि प्रकाश बंद केल्यावरही तेथेच राहतात. जांभळट स्फटिक फिका पडतो आणि फिकाच राहतो. उणे २२३ अंश सेल्सिअसच्या खाली ही स्थिती तासन्‌तास, किंबहुना त्याहून कितीतरी अधिक काळ टिकू शकते. त्यावर तापविले की रेणू आपल्या मूळ ठिकाणी परततो. पुढे तांबड्या टोकाकडील प्रकाशाने तो उलटही नेता येतो असे आढळले. टोकियोतील सातो, इयोदा, फुजिशिमा आणि हाशिमोतो यांनी १९९६ मध्ये याहून पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. प्रशियन निळा या जुन्या रंगद्रव्याच्या कुळातील कोबाल्ट व लोह यांच्या सायनाइड संयुगावर तांबडा प्रकाश टाकला असता लोहाकडील एक इलेक्ट्रॉन कोबाल्टाकडे जातो. पूर्वी मुके असलेले शेजारी आता चुंबकीय होतात आणि सबंध पदार्थाची चुंबकीय जुळणी ज्या तापमानाला मोडते ती मर्यादा निरपेक्ष मापाच्या १६ अंशांवरून १९ अंशांवर चढते. निळ्या प्रकाशाने ती काही अंशी उतरते. १५० अंशांपर्यंत तापविले की सारे पूर्ववत होते.

या दोन प्रयोगांविषयी मराठीत सहज लिहिले जाणारे वाक्य असे असते : ‘या पदार्थांचे चुंबकत्व उष्णतेने व प्रकाशाने नियंत्रित केले जाते.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यातील कर्मणि प्रयोग परक्या वळणाचा आहे ही तक्रार नेहमीची आहे, तिच्यात वेळ घालविण्याचे कारण नाही. दोष तृतीया विभक्तीत दडलेला आहे. ‘ने’ हा प्रत्यय करणही दाखवितो आणि हेतूही. कुऱ्हाडीने तोडणे आणि दुःखाने खंगणे यांत तो एकच असतो. ‘उष्णतेने व प्रकाशाने’ असे एका दमात म्हटले की दोन कारणांचे कार्य एकाच जातीचे आहे असा समज होतो. ते तसे नाही. उष्णता आहे तोवर रेणू सैल अवस्थेत आहे. निवाला की तो परततो. प्रकाशाचे उलट आहे. प्रकाश रेणूला एका आडजागी नेऊन सोडतो आणि स्वतः निघून जातो. रेणू तेथे अडकून राहतो तो थंडीमुळे, प्रकाशामुळे नव्हे. पहिल्यात कारण आणि अवस्था समकालीन आहेत. दुसऱ्यात कारण आधी होऊन गेलेले आहे.

मराठी क्रियापदाजवळ हा भेद सांगण्याची सोय आहे, आणि ती पारिभाषिक शब्दांहून किती तरी अधिक मोलाची आहे. ‘तापला असता पालटतो’ यात तापलेपण चालू आहे. ‘उजळून पालटतो’ यातील ऊनवाचक अव्यय पहिली क्रिया संपल्याचे सांगते. ‘तापला असता सैल, निवला असता घट्ट, पण थंडीत उजळून सैल झालेला तो अंधारातही सैलच’ या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही आणि शास्त्रदृष्ट्या त्यात खोट काढता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत अशी वाक्ये क्वचित आढळतात, कारण शास्त्रीय मराठी म्हणजे नामांची मराठी अशी समजूत त्यांना घालून दिलेली असते. क्रियापद अडगळीत टाकावयाचे आणि मग मराठीत सूक्ष्म भेद सांगता येत नाहीत म्हणून हळहळावयाचे, हा प्रकार थांबविण्यासारखा आहे.

विदर्भातील, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याकडील विद्यार्थ्याच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेश राज्यात होता, आणि आजही त्याची उत्तर सीमा त्या राज्याला भिडलेली आहे. तेथे हिंदी पुस्तक हाती येणे अगदी स्वाभाविक आहे. मराठीत अणू तो हिंदीत परमाणु, आणि मराठीत रेणू तो हिंदीत अणु. ‘आण्विक चुंबक’ हा शब्द हिंदी पुस्तकात वाचला तर त्याचा अर्थ रेणूंचा चुंबक. मराठी वाचकाला तो अणूंचा किंवा त्याहून भयंकर म्हणजे अणुशक्तीशी निगडित वाटतो. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून अखिल भारतीय परिभाषा रचण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्यामागे अशी गल्लत टाळण्याचीच इच्छा होती; पण एकाच संस्कृत शब्दाला दोन भाषांनी दोन अर्थ आधीच चिकटविले असतील तर समान परिभाषाच गल्लत निर्माण करते. मराठीने ‘रेणवीय’ हे विशेषण टिकवून धरावे हे बरे. रेणू म्हणजे धुळीचा कण. शब्द साधा आहे, आणि हिंदी वाचकाची दिशाभूल करीत नाही.

आता प्रत्ययाकडे परत वळणे प्राप्त आहे. ‘त्व’ प्रत्ययावर वर ठेवलेला आरोप अखेरपर्यंत टिकत नाही. ‘शिशुत्व’ही त्व-प्रत्ययान्तच आहे, आणि ते सर्वांचेच सरते. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, ज्याची आठल्ये व बोडस यांनी सिद्ध केलेली १८९७ ची मुंबईची आवृत्ती अनेक पिढ्यांनी अभ्यासली, त्यात द्रवत्वाचे दोन प्रकार सांगितले आहेत : सांसिद्धिक आणि नैमित्तिक. पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे त्याच्या ठायी आपोआप असणारे. तुपाचे नैमित्तिक, म्हणजे अग्नीच्या संयोगाने आलेले. प्रत्यय तोच, पण विशेषणाने भेद स्पष्ट केला आहे. ‘नैमित्तिक चुंबकत्व’ असे म्हणण्यास कोणती हरकत आहे? निमित्त उष्णता की प्रकाश, हे पुढे सांगता येते. त्याच परंपरेत ‘पाकज’ गुणांचा विचार आहे : कच्चे काळे मडके भट्टीत लाल होते, तेव्हा पालट कोठे होतो? वैशेषिक म्हणतात, परमाणूंत, एकेकट्यात, हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, सबंध मडक्यात, ते मडके असतानाच, हा पिठरपाक.

येथे सावध राहिले पाहिजे. प्राचीनांना स्पिन-पालट ठाऊक होता असे अनुमान यावरून काढणे म्हणजे आपट्यांच्या कोशातील चौथ्या अर्थाचा चुंबक होणे होय, आणि असे चुंबक सांप्रत फार झाले आहेत. वैशेषिकांना सुईची चुंबकाकडील गती ‘अदृष्टा’च्या माथी मारावी लागली, त्यांच्याजवळ क्षेत्राची कल्पना नव्हती, मापन नव्हते. त्यांच्याजवळ होते ते प्रश्न विचारण्याचे वळण, आणि त्यासाठी घडविलेली भाषा. ती भाषा घ्यावी, सिद्धान्त घेऊ नये. कारण तो प्रश्न रेणवीय पदार्थांतही खरोखरच उभा राहतो. द्रावणात विरलेले रेणू एकेकटे पालटतात. तापमान वाढेल तसतसे पालटलेल्यांचे प्रमाण सावकाश वाढत जाते. तेच रेणू स्फटिकात दाटीने बसविले की एक फुगला म्हणजे शेजाऱ्यावर दाब येतो, तोही पालटू लागतो, आणि सबंध स्फटिक एका झटक्यात पालटू शकतो. पीलुपाक आणि पिठरपाक हे दोन शब्द या दोन प्रकारांना तंतोतंत लागू पडतात असे म्हणवत नाही. पण त्या वादाशी परिचय असलेल्या विद्यार्थ्याला येथे काय विचारावयाचे हे शिकवावे लागत नाही.

रंगाविषयीही हीच चूक होताना दिसते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पाण्यात काही तरी मिसळले, पाण्याचा गुणच बदलला, अशी चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखविले, आणि यथाकाल तो ओसरला. तो रंग गुण नव्हता, अवस्था होती. लोह व ट्रायाझोल यांच्या एका साखळीरूप संयुगाचा रंग याहून शिस्तशीर आहे. थंड असता ते गुलाबी-जांभळे, तापले असता पांढरे. रंग पाहूनच त्याची चुंबकीय अवस्था ओळखता येते. ऑलिव्हिए कान व मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये अशा संयुगांचा स्मृतिसाधन म्हणून विचार मांडला तो याच कारणाने. कारण हे संयुग तापविताना सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत जांभळेच राहते, आणि निवविताना सुमारे ७० अंशांपर्यंत पांढरेच. मधल्या ९० अंशांवर ते कोणत्या रंगाचे असेल, हे तापमान सांगत नाही. ते तेथवर कोणत्या वाटेने आले, यावर ते अवलंबून आहे.

या वर्तनाला हिंदीत ‘शैथिल्य’ हा शब्द रूढ आहे. मराठीत तो घेऊ नये असे सुचवावेसे वाटते. यूइंग याने ज्या ग्रीक धातूवरून मूळ संज्ञा घडविली त्याचा अर्थ मागे राहणे, उशिरा पोचणे असा आहे. शैथिल्य म्हणजे ढिलेपणा, आणि येथे पदार्थ ढिला नसून उलट धरून ठेवणारा आहे. ‘विलंबन’ हा शब्द अर्थाने जवळ येतो, परंतु तो काळाचा विलंब सुचवितो, आणि येथे कितीही सावकाश तापविले तरी वाटा दोनच राहतात. मराठीत ‘मागचे ओढणे’ असा एक बोलीचा प्रयोग आहे. तो संज्ञा होण्याइतका आटोपशीर नाही. शब्द सापडेपर्यंत ‘तापविताना एक वाट, निवविताना दुसरी’ असे वाक्यच लिहावे. लोणारच्या दगडाच्या बाबतीतही ते चालते; फक्त तेथे निवतानाच्या वाटेवर साडेसहा कोटी वर्षे गेली आहेत.